वीस सेकंद

पहाटे पाच पन्नास. जेलरोडला अजून
दूधवाल्याच्या किटल्यांखेरीज कुणी बोलत नाही.
दिवाण सरकवला, टीपॉय भिंतीशी उभा केला.
अंगात शार्दूलचा शाळेतला टी-शर्ट,
पाठीवर त्याचं नाव, कबड्डीचा नंबर सात.
मोबाईल शोकेसमध्ये, आमच्या लग्नाच्या फोटोला टेकवून.

त्यातली बाई विचारते, तयार?
मी एकोणपन्नासची. सानप डॉक्टरांच्या कागदावर
साखर काठावर आहे,
काठावर म्हणजे गोदेच्या पायरीवर बसल्यासारखी,
पाय अजून पाण्यात नाहीत.
तयार, म्हणते मी,
आणि कुणाला सांगतेय हे बघायला मागे वळते.

वीस सेकंद.
गुडघे वर, जागच्या जागी पळायचं,
जीव खाऊन, वाघ मागे लागल्यासारखं.
वाघ नाही. मागे फ्रिज आहे, तो गुरगुरतो.
अशी मी शेवटची पळाले भगूरच्या शाळेत,
परकर खोचून, एका पायावर,
आणि तेव्हा कुणी घड्याळ लावलं नव्हतं.
चोवीस वर्षं प्रेसमध्ये नोटांचे ताव तपासले,
रेघ सरकलेली, शाई फुटलेली लगेच दिसते मला.
वीस सेकंद एवढे लांब असतात
हे मात्र कुठल्याच तावावर दिसलं नव्हतं.

थांबा. दहा सेकंद.
एवढ्यात काय होतं?
एक घोट पाणी. छातीतली शिलाई मशीन.
आत प्रल्हाद कूस बदलतो, अंबडची दुसरी पाळी करून आलेला.
आई गेली तेव्हा मी रडायला
याहून जास्त वेळ घेतला होता का, आठवत नाही,
पाहुणे होते.
परत वीस.

आठ फेऱ्या. हिशेब केला तर चार मिनिटं.
चार मिनिटांत भातसुद्धा होत नाही.

तिसऱ्या दिवशी खालून काठी वाजली,
ठक ठक ठक.
जिन्यात तिदमेकाकू म्हणाल्या,
अगं, मला वाटलं देवळालीचा तोफखाना
आज अंधारातच सुरू झाला,
लोणच्याच्या बरण्या हलतात गं माझ्या.
मी ओशाळले. फरशीवर जुनी गादी टाकली,
उड्या कमी केल्या, बैठका वाढवल्या,
मांड्या दोन दिवस जिना उतरू देईनात.
बसमध्ये कंडक्टर म्हणाला, मावशी, सावकाश.
मावशी!

शुक्रवारी पाचव्या फेरीनंतर मी खाली बसले.
पोटात ढवळलं, डोळ्यांपुढे काजवे.
बाई मोजत राहिली, सहा, सात,
शाबास म्हणाली रिकाम्या गादीला.
कुणाला कळणार होतं?

संध्याकाळी काकू भाजीची पिशवी घेऊन जिन्यात,
एका पायरीवर दोन्ही पाय, मग पुढची पायरी.
म्हणाल्या, आज पाचच?
मी नुसती बघत राहिले.
जागीच असते मी, म्हणाल्या, मोजते पडल्या पडल्या.
गुडघे बदलायचे राहिले ते राहिलेच.
तुझे पाय वाजले की माझे जरा...
पुढचं वाक्य त्यांनी
पिशवीत टाकलं, कोथिंबिरीवर,
आणि किल्ली शोधायला लागल्या.

शनिवारी गादी गुंडाळून ठेवली.
पाच. सहा. सातवीला टी-शर्ट अंगाला चिकटला,
तोंडातून आवाज यायला लागला,
माझा नव्हे, कुठल्यातरी जनावराचा,
आत प्रल्हाद उठून बसला आणि काही न विचारता
पंखा तीनवरून पाचवर केला.
आठ.
बाई शाबास म्हणाली. तिचं कोण ऐकतं?
खालून काठी वाजली. एकदाच.
तक्रार तीनदा असते.

मला श्वास आवरायचा होता, पण हसू आलं,
आणि दोन्ही एकदम होत नाही,
फरशीवर आडवी पडले, गाल गार फरशीला,
कान तिथेच.
खाली भांडं वाजलं, नळ सुटला.
मग लांब, देवळालीकडून, खरी तोफ.
काकूंच्या बरण्या हलल्या असतील.